त्रिकोणावरची काट

पिंपळीच्या पुढं कालव्याच्या कडेला जी वस्ती आहे, तिथल्या संभाजीरावांची स्वरूपा पुण्यात 'फाउंडेशन' करते असं कळल्यावर वस्तीनं एकच विचारलं, "कुणाच्या?"

वस्तीचंही काही चुकलं नाही. बारामती-इंदापूरकडं फाउंडेशन म्हणजे पुढाऱ्याचं. ते आधी डोळे तपासतं, मग कॅलेंडर वाटतं, मग शिलाई मशीन देतं आणि शेवटी हळूच खिशातून मतदार यादी काढतं. शिक्षणाला कुणी असलं नाव देत असेल, हे कुणाच्या गावी नव्हतं.

"अवो, फाउंडेशन इयर. बारावीला मार्क कमी पडले, म्हणून आधी पाया पक्का करायचं हे एक वर्ष. मग मानववंशशास्त्राची डिग्री," स्वरूपानं सांगून पाहिलं.

"त्यात काय शिकिवत्यात?"

"माणसं. कोण कुणाचं कोण, कुठं राहतं, कसं राहतं."

"मग बरोबर हाय," वस्ती म्हणाली. "फाउंडेशनच हाय."

स्वरूपानं नाद सोडला. तिला घोर निराळाच होता. वर्षाच्या शेवटी एका भावकीचा चार पिढ्यांचा नकाशा काढून न्यायचा होता. बाईला गोल, गड्याला त्रिकोण, लग्नाला दोन रेघा आणि मेलेल्यावर काट. पास झाली तर डिग्रीला प्रवेश. नापास झाली तर संभाजीरावांनी डी.फार्मचा फॉर्म आणून ठेवलाच होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "औषधाचं दुकान टाकता येतं. माणसांचं दुकान कुठं टाकणार हायस?"

पहिलं घर कुशाबाईंचं.

"फाउंडेशन काय देणार हाय?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"काही नाही, काकी."

कुशाबाईंनी डोळे बारीक केले. देतो देतो म्हणणारे हात हलवत जातात, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. ही पोरगी काहीच देत नाही म्हणते, म्हणजे घबाड मोठं असणार. त्या वहीवर वाकल्या. "ही काट कशाची?"

"माणूस वारला की मारतात."

"म्हंजी त्याची बायकू विधवा, असं कळतं व्हय यातनं?"

"हो."

"विधवेचा समद्या योजनांत पयला नंबर असतो. ह्यांच्यावर मार."

'हे' म्हणजे ज्ञानदेव समोरच बसून भाकरी कुस्करत होते.

"काकी, काका जिवंत आहेत."

"जिवंत हायत म्हणून कुणी काय दिलंय का आजवर?"

ज्ञानदेवांनी घास गिळला. "मार गं पोरी. न्हायतरी ह्या घरात मला जिवंत कोण धरतंय. तेवढं कोरड्यास वाढाय सांग तिला."

सांगणारा सांगेल ते मुकाट लिहून घ्या, वाद घालू नका, असं वर्गात शिकवलं होतं. स्वरूपानं काट मारली आणि तिथंच माती खाल्ली.

कुशाबाई गिरणीत दळण ठेवून परत येईस्तोवर वस्तीत पटकीची साथ आल्यासारखं झालं. बायका नवऱ्यांची नावं घेऊन दारात उभ्या. एकीनं नवऱ्याबरोबर दीरही मारून घेतला, जावेची फेरी नको म्हणून. दिवाळीत लग्न झालेली रेश्मा तेवढी लाजली. "आमचं नवं हायत. फुडच्या सर्वेला बघू."

तिसऱ्या दिवशी हिशेब असा होता: त्रिकोण एक्केचाळीस, त्यातले मेलेले तेहेतीस. चांगले धडधाकट गडी मरून उसाला पाणी धरायला जात होते.

चौथ्या दिवशी स्वरूपा ओट्यावर कागद जोडत बसली होती, तेव्हा युवराजभाऊ आले. भाऊ येत्या निवडणुकीत उभे राहणार होते. त्यांनी नकाशा पाहिला, बोटांवर मोजला आणि मटकन बसले.

"माझी सतरा मतं मेली कशी?"

"भाऊ, हा माझा अभ्यास आहे."

"अभ्यासच हाय. कुणीतरी लई अभ्यास करून माझं मतदार कापलंत. फाउंडेशन कुणाचं हाय तेवढं सांग."

"कुणाचंच नाही," असं ती म्हणाली, त्यामुळं भाऊंचा संशय पक्का झाला. त्यांनी तिथूनच पुकारा केला: उद्या दुपारी भिगवणला मच्छीचं जेवण, गाड्या दारात येतील, पण नकाशात जो जिवंत असेल त्यालाच गाडीत घेणार.

सकाळी सातला तेहेतीस मयत रांगेत उभे. त्यांच्यामागं त्यांच्या विधवा, हाती येणारी शिलाई मशीन जाते म्हणून तणतणत. सगळ्यांत पुढं ज्ञानदेव.

"पोरी, मला दुपारपुरतं जिवंत कर. सांजच्याला परत मार, माझी काय तक्रार न्हाय."

स्वरूपानं खोडरबर हातात घेतलं. नवरे म्हणत खोड, बायका म्हणत मार. खोडून, मारून, पुन्हा खोडून कागद विरला आणि भावकीच्या तिसऱ्या पिढीला मुठीएवढं भोक पडलं. गाड्या मात्र भरून गेल्या.

पुण्यात रश्मी मॅडमनी नकाशा उचलून धरला आणि त्या भोकातून स्वरूपाकडं पाहिलं. "हे काय?"

स्वरूपानं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "कोण मेलं, ते तू विचारलंस. का मेलं, ते एकालाही विचारलं नाहीस. आठ दिवस देते. एकच घर आण, पण ज्यांना त्या फाउंडेशनचं काही पडलेलं नाही, असं. तेही असंच निघालं तर नापास."

तसं घर वस्तीत एकच होतं. स्वरूपा घरी आली, आईजवळ पाट घेऊन बसली. लीलाबाई भाकरी थापत होत्या. संभाजीराव, म्हणजे तिचे तात्या, रानात गेले होते.

"आई, हा त्रिकोण तात्यांचा."

"मार काट."

"अगं, तुला तर ठाऊक आहे, कुणी काही देणार नाही."

"ठाऊक हाय की."

"मग?"

"तरी मार."

सवयीनं पेन्सिल कागदावर टेकलीच होती. स्वरूपानं ती उचलली. "का गं?"

लीलाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, पीठ झाकलं. "बस मग नीट," त्या म्हणाल्या. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली, टायपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली एक पोरगी न विचारता ह्या वस्तीवर दिली गेली, तिथून त्यांनी सुरुवात केली. ते सांगून पुरं व्हायला तीन दुपारी लागल्या. स्वरूपाची एकोणीस पानं भरली. काट तिनं मारली नाही. त्रिकोणाशेजारी फक्त लिहिलं, 'पान एक ते एकोणीस पाहावे.'

निकाल आला. स्वरूपा वर्गात पहिली, डिग्रीचा प्रवेश पक्का. संभाजीरावांनी मोबाईलवरचा निकाल चारदा वाचला, दोनदा बाहेर जाऊन लोकांना वाचून दाखवला आणि भरून पावल्यासारखे आत येऊन बसले.

"एवढं मार्क कशाला दिलं म्हणं?"

"एक त्रिकोण नीट समजावून सांगितला, म्हणून."

"आपल्याच भावकीतला?"

"व्हय."

"कुणाचा गं?"

स्वरूपानं आईकडं पाहिलं. लीलाबाईंनी कप पुढं सरकवला. "च्या घ्या. निवतोय."

संभाजीरावांनी घोट घेतला, मिशीवरून हात फिरवला. "मी म्हणतच हुतो. आपल्यात अभ्यास करण्याजोगी माणसं हायत," असं म्हणून त्यांनी अर्धा कप आणखी मागितला.