दोन्या एर्मेलिंदा आज दुकानात नाहीत

"फोन द्या," देर्लिस म्हणाला.

दोन्या एर्मेलिंदांनी फोन छातीशी घट्ट धरला. "आणि भट्टी विझली तर?"

"विझू द्या."

"विझू द्या म्हणे! तुझ्या घरात कुणी कधी भट्टी पेटवलीय का रे?"

"आई, देऊन टाक," लोरेना वैतागून म्हणाली. "आपलं ठरलंय."

ठरलं होतं खरं. कोरोनेल बोगादो गावात, हमरस्त्यावर एर्मेलिंदांचं चिपाचं, म्हणजे कसावाच्या पिठाच्या चीज घातलेल्या पावांचं, दुकान होतं. सगळं गाव त्यांना आदरानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणे. नवरा गेल्यापासून त्यांनी ते एक दिवसही सोडलं नव्हतं. कसावाचं पीठ त्याच मळायच्या, चीज त्याच चाखायच्या आणि गरम चिपांच्या टोपल्या घेऊन बसमध्ये चढणाऱ्या मुलींचे रुमालसुद्धा त्याच बांधून द्यायच्या. लोरेनाला एन्कार्नासिओन शहरात दुसरं दुकान काढायचं होतं. "आधी हे तरी शीक," हे उत्तर तिला बत्तिशी ओलांडल्यावरही मिळत होतं. शेवटी माद्रिदला जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करीन, पण इथे राहणार नाही, असं तिनं बजावलं. तेव्हा कुठे आई या देर्लिसला भेटायला तयार झाली. लोकांना धंदा कसा वाढवायचा ते शिकवणं, हाच त्याचा धंदा.

देर्लिसनं दुकान पाहिलं, चार चिपा खाल्ल्या आणि निदान केलं. "दोन्या, तुमचा धंदा वाढत नाही, कारण त्याच्या वाटेत तुम्ही उभ्या आहात."

उपाय एकच. एक पूर्ण दिवस मालकिणीनं दुकानाकडे फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, कुणी तिला करायचा नाही. दुकान तगलं तर दुसरी शाखा. नाही तगलं, तर लोरेना आणि माद्रिद. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगायचं, तेही त्यानं सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं: "मालकीणबाई आता विश्रांती घेताहेत. यापुढे सगळं लोरेनाच बघणार."

एर्मेलिंदांनी फोन दिला. देर्लिसनं तो बंद केला, नियम म्हणजे नियम म्हणून स्वतःचाही केला, आणि त्यांना रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाच्या नव्या कॅफेत नेऊन बसवलं. तिथली कॉफी इतकी महाग होती, की गावातलं कुणी चुकूनही आत शिरत नसे. काळ्या काचेतून समोरचं दुकान मात्र स्पष्ट दिसत होतं.

इकडे लाकडं ओली निघाली. दुकानभर धूर झाला आणि लोरेनाचे डोळे लालभडक होऊन वाहू लागले. नेमका तेव्हाच असुन्सिओनच्या बसचा ड्रायव्हर क्रिस्पीन रोजच्या चिपासाठी आत आला. गल्ल्यावर एर्मेलिंदा नाहीत, हे त्यानं आयुष्यात प्रथमच पाहिलं.

"दोन्या कुठायत?"

लोरेनानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

क्रिस्पीननं हळूच टोपी काढली. "कधी?"

"आज सकाळपासून," लोरेना म्हणाली आणि खोकत भट्टीकडे पळाली.

क्रिस्पीन बसमध्ये चढला तो रडतच. पुढच्या प्रत्येक थांब्यावर त्यानं ती बातमी उतरवली.

"तो बघा," कॅफेत एर्मेलिंदा ताडकन उठल्या. "तो क्रिस्पीन चिपा न घेताच गेला! काहीतरी बिघडलंय."

"बसा दोन्या. एका गिऱ्हाइकानं काय होतंय?"

"अरे, तो आजारी असला तरी दोन नेतो!"

थोड्या वेळानं दुकानासमोर चार बायका जमल्या. मग दहा. मग गल्लीतले लोक खुर्च्या घेऊन आले.

"हे बघा!" देर्लिसचा चेहरा उजळला. "तुम्ही हटलात आणि गर्दी वाढली. खुर्च्या आणून वाट बघताहेत लोक!"

"आमच्याकडे चिपा खायला कुणी खुर्ची आणत नाही," एर्मेलिंदा म्हणाल्या. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "ती शेजारची पेत्रोना बघ. तिच्या हातात जपमाळ आहे."

"धार्मिक गिऱ्हाईक."

"आणि काळे कपडे?"

देर्लिसनं काचेला नाक लावलं. त्याच वेळी पाद्रीबाबांची जुनी गाडी दुकानापाशी थांबली. मागून एकानं पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र उतरवलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. आता मात्र देर्लिसच्याही तोंडचं पाणी पळालं.

"भट्टी..." एर्मेलिंदांनी टेबलाची कड धरली. "सकाळी धूर काळा होता. माझी पोर... मेल्या, तू मला इथे बसवून ठेवलंस, आणि माझी पोर..."

पुढचं देर्लिसला ऐकू आलं नाही, कारण खुर्ची आडवी पडली होती आणि एर्मेलिंदा दारातून बाहेर पडल्या होत्या. हमरस्त्यावर एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला. एक चप्पल रस्त्यातच राहिली. "लोरेना! लोरेना!" असं ओरडत त्या गर्दीत घुसल्या.

पेत्रोनानं वळून पाहिलं, किंचाळली आणि फुलांच्या चक्रावरच बसली. पाद्रीबाबांच्या हातातलं पवित्र पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. गर्दी आपोआप दुभंगली. कुणी छातीवर क्रूस काढला, कुणी मागच्या मागे पळालं.

"माझी मुलगी कुठाय?"

भट्टीमागून लोरेना बाहेर आली, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. तिच्या हातातून चिपांचं तबक सुटलं.

दोघी एकदमच ओरडल्या, "तू जिवंत आहेस?"

गळ्यात पडून रडणं झालं. पाद्रीबाबांनी लोकांना समजावलं, लोकांनी पाद्रीबाबांना समजावलं. देर्लिस एक चप्पल हातात घेऊन धापा टाकत पोचला.

"पण तुला कुणी सांगितलं, मी गेले म्हणून?" एर्मेलिंदांनी विचारलं.

"सगळ्यांनीच! मी आधी हसले. पण कुणी म्हणे पंपापाशी चक्कर आली, कुणी म्हणे ट्रक. तुला फोन केला, बंद. ह्या देर्लिसना केला, बंद! तुला कुठे नेऊन बसवलंय, तेही ह्यांनी सांगितलं नव्हतं. पाद्रीबाबाच आले म्हटल्यावर माझे हातपाय गळाले."

"हातपाय गळाले, आणि तू पीठ मळत होतीस?"

"मग काय करू? रांग लागली होती, तिंबलेलं पीठ तसंच पडलं होतं. ते वाया गेलं असतं तर तू मला जिवंत सोडलं नसतंस."

एर्मेलिंदांनी आजूबाजूला पाहिलं. टोपल्या रिकाम्या होत्या. सांत्वनाला आलेला प्रत्येक जण चिपा चघळत होता. बसमधल्या मुली रडत रडत पुढच्या फेरीला निघाल्या होत्या, रुमाल नीट बांधून. त्यांनी खाली पडलेली एक चिपा उचलली, फुंकर मारली आणि चावली. सगळं गाव श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

हे दोन शब्द त्यांनी आजवर कुणाच्याही चिपाबद्दल उच्चारले नव्हते. लोरेनाला पुन्हा रडू फुटलं.

देर्लिस घसा खाकरून पुढे झाला. "तर दोन्या, प्रयोग यशस्वी म्हणायला हरकत नाही. उद्यापासून तुम्ही परत गल्ल्यावर..."

"उद्या?" एर्मेलिंदांनी त्याच्या हातातली चप्पल ओढून घेतली, पायात घातली आणि पेत्रोनाच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "मेलेल्या माणसासाठी नऊ दिवस प्रार्थना चालते, बाळा. तोवर मी काही उठायची नाही. लोरेना, पाद्रीबाबांना गरम चिपा दे. आणि मलाही एक."