आवाज जपणारे दादाराव

आमच्या शेजारचे दादाराव फोनवर स्वतःच्या आवाजात बोलत नाहीत.

घशाला काही झालेलं नाही. समोरासमोर बोलायला लागले की भिंतीवरची पाल जागा सोडते, असा त्यांचा आवाज. सगळी नोकरी त्यांनी हिंगोलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ एवढं त्यांनी माईकवर म्हटलं की पेंगणारी बाई पिशवी सावरायची, रडणारं लेकरू गप व्हायचं. पण फोन वाजला की हेच दादाराव नाक दोन बोटांत धरतात आणि सर्दी झालेल्या म्हातारीच्या सुरात म्हणतात, “कोऽण?”

पहिल्यांदा मला वाटलं, फोन त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला.

“आवाज चोरून राहिले लोकं, बाई,” त्यांनी मला नंतर समजावलं. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते. “तुमी दोन शब्द बोला, मशीन तुमचा आवाज उचलती. मंग त्याच आवाजात तुमच्या घरी फोन लावती. घरचे फसणार न्हाईत तर काय?”

“मग तुमचा हा नाकातला आवाज उचलला तर?”

“उचलू द्या की. त्या आवाजाला आमच्या घरात कोणी वळखत न्हाई.”

विचार केला तर माणूस बरोबरच होता.

फोनवर ते ‘हो’ म्हणत नाहीत. हो म्हटलं की ते रेकॉर्ड करून कुठल्याही कागदाला चिकटवतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. एकदा कुरिअरवाल्यानं विचारलं, “दादाराव तुम्हीच का?” काका नाक धरून म्हणाले, “तसं मानायला हरकत न्हाई.” त्यानं विचारलं, “घरी आहात का?” काका म्हणाले, “ते बी नाकारता येत न्हाई.” पार्सल परत गेलं. त्यात काकूंचा चष्मा होता.

फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर ते काकूंची टिकली चिकटवतात. घामानं ती पडते, मग दुसरी लावतात. काकू टिकल्यांचं पाकीट शोधत फिरतात आणि फोन मात्र कपाळाला टिकली लावून सवाष्णीसारखा टेबलावर बसलेला असतो.

काकूंचं उलट. त्यांचं नाव शांताबाई, पण फोन हातात आला की त्या अजिबात शांत नसतात. मोठ्या आवाजात रील बघतात, फोनलाच विचारतात, “काय गं, आज पाऊस येईल का?” आणि फोनमधली बाई उत्तर देते. त्या वेळी काका अंगणात निघून जातात. “घरात तिसरं माणूस आणून ठेवलंय हिनं,” ते मला हळूच सांगतात. “ऐकून राहिलंय ते. आपण भाजी काय केली तेबी त्याला म्हाईत.”

“काका, भाजी कळून कोणाचं काय भलं होणार?”

“आज भाजी. उद्या दुसरं काय. तुमी शाळेत फोनसमोर तोंड दाखवून हजेरी लावता ना? तोंड दिलं तुमी. आता ते तोंड कोणाच्या धडावर बसवतील, सांगता येईल का तुमाला?”

मी हसले. पण रात्री आरशासमोर केस सोडताना ते वाक्य आठवलं आणि मी आरशावर टॉवेल टाकला. दादारावांच्या भीतीचं असंच असतं. ऐकताना हसू येतं आणि घरी गेल्यावर ती आपल्या घरात आधीच येऊन बसलेली असते.

दर रविवारी विहारात वंदना झाली की ते पाच मिनिटं मागून घेतात. समोर माईक नसतो, त्यांना लागतही नाही. “उपासकांनी कृपया लक्ष द्यावे,” अशी सुरुवात. मग त्या आठवड्याची भीती. कधी लिंक, कधी लग्नाची पत्रिका म्हणून आलेली फाईल, कधी पोलिसाचे कपडे घालून व्हिडिओवर येणारा माणूस. नेत्यांचे खोटे व्हिडिओ, न घडलेल्या दंगलीचे खरे वाटणारे फोटो. “डोळ्यांनी बघितलं तरी इश्वास ठेवू नका,” ते म्हणायचे. मागून कोणीतरी विचारायचं, “मंग कशावर ठेवावा?” दादाराव चपला शोधायला लागायचे. या प्रश्नाची भीती त्यांना सगळ्यात जास्त वाटत असावी.

त्याच सुमारास एसटी स्टँडवर रेकॉर्ड केलेल्या आवाजात गाड्यांची नावं सांगायला सुरुवात झाली. एकदा मी आणि काका औंढ्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. वरून गोड आवाजातली बाई बोलली. काका मान वर करून ऐकत राहिले. “आवाज चांगलाय,” म्हणाले. “पण गाडी गेली का उभी हाय, हे तिला दिसून राहिलं का?” आमची गाडी खरंच निघून गेली होती.

या सगळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी दुरावली. सुजाता पुण्याला नोकरी करते. काकांनी तिला खूणशब्द ठरवून दिला होता. फोन केला की आधी ‘औंढा मार्गे’ म्हणायचं, मग बोलायचं. चार-सहा वेळा तिनं म्हटलं. एक दिवस ऑफिसमधून दमून तिनं फोन लावला आणि शब्द विसरली. काका नाक धरून म्हणाले, “खूण सांगा.”

“आबा, मी हाय.”

“मशीन बी तेच म्हणती.”

ती म्हणाली, “आबा, मी तुमची पोरगी हाय. एसटीची गाडी न्हाई.” आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ती आईच्या फोनवर बोलायला लागली. काकू स्वयंपाकघरात बोलायच्या आणि काका दाराआड उभे राहायचे. काकूंनी “बोलता का?” म्हणून फोन पुढं केला की मान हलवून नाही म्हणायचे. भीतीनं की रागानं, काकूंनाही कळत नव्हतं.

मग ती मे महिन्यातली दुपार आली.

शाळेला सुट्ट्या होत्या. काकू बहिणीकडं वसमतला गेल्या होत्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी कूलरसमोर आडवी झाले होते आणि भिंतीपलीकडून दादारावांचा आवाज आला. माईकवरचा. भरदार, पूर्ण, पोटातून आलेला. घरात ते एकटे होते, म्हणजे फोनवरच बोलत होते.

मी ताडकन उठले. हा माणूस फोनवर स्वतःच्या आवाजात बोलतोय म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढंच डोक्यात आलं. अनवाणीच धावले. पाय भाजले तेही नंतर कळलं.

दार उघडंच होतं. काका खुर्चीच्या टोकावर बसलेले, बनियन घामानं चिंब, फोन दोन्ही हातांत धरलेला. स्पीकर चालू होता. आतून एक मुलगी रडत होती.

“पप्पा, मला वाचवा... पप्पा, हे लोक मला सोडत नाहीत... पप्पा...”

मग एक पुरुष हिंदीत बोलला. आपण पोलिस अधिकारी आहोत, तुमची मुलगी मोठ्या भानगडीत सापडली आहे, फोन कापला तर तिचं काय होईल याची जबाबदारी तुमची. मागं वायरलेसची खरखर, कोणाचे तरी बूट वाजत होते.

मी हातानं खुणा केल्या. काका, कट करा. हे खोटं आहे. तुम्हीच सांगता ना रविवारी. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

“रडू नको, माय,” ते फोनला म्हणाले. “मी ऐकून राहिलो. तुजं नाव सांग मला.”

“बेटी का नाम नहीं मालूम?” तो माणूस खेकसला.

“तिच्याजवळ फोन द्या. तिलाच बोलू द्या.”

पुन्हा रडणं आलं. “पप्पा, मला वाचवा... पप्पा, हे लोक मला सोडत नाहीत... पप्पा...” यावेळी मी नीट ऐकलं. तिसऱ्या ‘पप्पा’नंतर एक उचकी होती. मघाशीही तिथंच होती. तोच हुंदका, तीच उचकी, त्याच जागी. खरी मुलगी रडत असती तरी इतकी भीती वाटली नसती.

“माय, तू कुठं हायेस? खिडकी हाय का तिथं? बाहेर काय दिसून राहिलं?” काका विचारतच होते. प्रवाशाला गर्दीत हरवलेलं पोरगं शोधून द्यावं, तसे.

तिसऱ्यांदा तेच रडणं वाजलं. मग त्या माणसाचाच धीर सुटला. त्यानं एक घाणेरडी शिवी दिली आणि फोन बंद केला.

मी काकांच्या हातून फोन काढून घेतला. त्यांची बोटं सुटत नव्हती. त्याच फोनमध्ये सुजाताचा नंबर होता, तो लावला. ती ऑफिसात होती, कँटीनमध्ये पोहे खात होती. मला एकदम हसू फुटलं, सुटल्यासारखं. “काका, सुजाता ठीक आहे. पोहे खातेय. सगळं खोटं होतं.”

“ते तर मला पयल्याच शब्दाला कळलं,” काका म्हणाले. “आमची सुजाता मला आबा म्हणती. पप्पा कुठून आलं?”

“मग कट का नाही केला?”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरासारखं काही विचारलं.

“लेकरू रडून राहिलं होतं, बाई. मदीच कसा ठेवू?”

“पण ते रेकॉर्डिंग होतं. तेच तेच वाजत होतं. किंवा मशीननं बनवलेलं.”

“मशीन कोणाकडून शिकली रडायला?” त्यांचा आवाज खाली गेला होता. “कोणीतरी रडलं असंल ना आधी? खरंच रडलं असंल. ती उचकी ऐकली का तुमी? अशी उचकी नाटकात येत न्हाई. कोणाची तरी पोरगी हाय ती. तिला रडवून भरून घेतलं असंल तर?”

मी माठातलं पाणी आणून त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन पोलिस ठाण्यात गेले. टेबलाशी बसलेल्या तरुण महिला हवालदारानं कागद पुढं ओढला. “काका, पैसे गेले का?”

“न्हाई.”

“ओटीपी दिला?”

“न्हाई.”

“मग तक्रार काय लिहू?”

“पोरगी हरवलीय,” काका म्हणाले.

“तुमची?”

“न्हाई. म्हाईत न्हाई कोणाची. फोनमदी रडून राहिली होती.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. बाजूचा शिपाई हसलाच. पण तिनं पेन खाली ठेवलं. “काका, उचकी येते का मध्येच? पप्पा, पप्पा म्हणताना?”

काका खुर्चीतून अर्धे उठले. “व्हय! वळखता तुमी तिला?”

“आमच्याकडं तक्रारीला आलेल्या एकानं असंच रडणं रेकॉर्ड करून आणलं होतं. तेच असावं.” ती काकांकडं वळली. “मी त्या दिवशी घरी जाऊन आधी माझ्या लेकराला जवळ घेतलं. पण ती कोण, कुठली, हे नाही सांगता येत हो. असेल की नसेल, तेही नाही.”

तिनं नंबर लिहून घेतला, वर पाठवते म्हणाली. काकांनी तिला दोन वेळा हात जोडले.

त्या संध्याकाळी सुजाताचा फोन आला. काकांच्या फोनवर. त्यांनी खूण विचारली नाही. म्हणाले, “माय, तुला तिथं कोणी रडवत न्हाई ना? तकलीफ न्हाई ना काही?” ती म्हणाली, “आबा, काहून असं इचारता?” आणि शनिवारच्या गाडीनं आली. दोन दिवस बापलेक अंगणात खाटेवर बसून होते. तिनं त्यांना फोनमधलं बरंच काही समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. ती परत गेली, तरी आता रोज बोलते. तेवढं एक चांगलं झालं.

काकांची भीती मात्र गेली नाही. फक्त ती आता स्वतःपुरती राहिलेली नाही. रविवारी विहारात ते उभे राहतात, ‘कृपया लक्ष द्यावे’ एवढंच म्हणतात आणि खाली बसतात. लोकांना वाटतं, वय झालं.

परवा दुपारी मी लोणच्याची वाटी द्यायला गेले, तर ते फोन कानाला लावून बसले होते. मी थांबले. पलीकडून ‘हा नंबर सध्या बंद आहे’ असं ऐकू येत होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लावला.

“कोणाला फोन, काका?”

“त्याच नंबरला.” ते जरा ओशाळले. “दुपारची येळ सापडली की लावून बघतो. शांताला सांगू नका.”

“अहो, ती माणसं भयानक आहेत. आणि समजा लागलाच, तर तुम्ही बोलणार काय?”

त्यांनी फोन छातीशी धरला.

“त्या पोरीला द्या म्हणीन. अन् इचारीन, जेवली का, माय?”