थोरल्या महाराजांची राखीव मेमरी

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका रे, जंगलात कॉम्प्युटर नसतो असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या शाळेत आहेच ना? आणि तिथे तर नुसती माकडं भरलीत.

या कॉम्प्युटरला एक अवाढव्य पडदा जोडला होता. त्याची देखभाल करायची साळूबाई. जातीची साळिंदर. स्क्रू पिळायला अंगावरचाच काटा उपटायची, म्हणून दरबाराला स्वस्तात पडायची. अकरा वर्षं कंत्राटी होती बिचारी. दर दिवाळीला अर्ज करायची, "मला कायम करा." दर दिवाळीला दिवाण तरसोपंत म्हणायचे, "बघू."

एकदा सिंहमहाराजांच्या मुलीचं लग्न ठरलं. आमंत्रण हरणांनाही होतं. पण सिंहांच्या मांडवात पुढे जाऊन बसायची हौस कुठल्या हरणाला असणार? तेव्हा ठरलं, की हरणं नदीपलीकडे बसतील आणि पडद्यावर लग्न बघतील.

महाराज साळूला म्हणाले, "अक्षता पडेपर्यंत पडदा चालला, तर तू कायम. नाही चालला, तर दुसरं जंगल बघ."

साळू धावतच पडद्याकडे गेली. कारण आठवडाभर पडदा सुरू व्हायचा, दोन रंग दाखवायचा आणि काळा ठिक्कर पडायचा.

सगळे म्हणाले, ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला. ड्रायव्हर म्हणजे चित्रं काढून पडद्याकडे धाडणारा प्रोग्राम. साळूने तो काढून नवा घातला. पडदा काळा. पुन्हा जुना घातला. काळा. बंद करून सुरू केला. काळाच. तरसोपंतांनी नारळ फोडला, तर पाणी की-बोर्डमध्ये गेलं आणि 'क' उमटेनासा झाला. त्याचंही खापर ड्रायव्हरवरच फुटलं.

लग्नाच्या सकाळी साळूने कर्नेलच्या सेटिंगची फाइल उघडली. कर्नेल म्हणजे कोण, तर कॉम्प्युटरच्या पोटातला पंगतीचा कारभारी. मेमरीची शंभर पानं मांडलेली असत. कुणी कुठे बसायचं ते हा ठरवायचा. ड्रायव्हरला सलग पन्नास लागत.

आणि फाइलमध्ये काय लिहिलं होतं, सांगू? साठ पानं राखीव, कैलासवासी थोरल्या महाराजांसाठी. वीस राणीसाहेबांच्या मातोश्रींसाठी. दहा सेनापतींसाठी. पाच तरसोपंतांसाठी. दर समारंभाला कुणाच्या तरी नावे मेमरी राखून ठेवायची तिथे पद्धतच पडली होती, आणि या लग्नासाठी ती आठवड्यापूर्वीच राखली होती. ड्रायव्हर यायचा, जागा शोधायचा आणि घेरी येऊन पडायचा.

साळूला इतका आनंद झाला, की तिचे सगळे काटे उभे राहिले आणि तरसोपंत दोन पावलं मागे सरकले. तिने चारही ओळी पुसल्या. पडदा लख्ख उजळला. नवरीच्या मिशीचा केसन् केस दिसायला लागला. पलीकडे हरणं टणाटण उड्या मारायला लागली. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि साळू मनात म्हणाली, झाले गं बाई मी कायम.

तेवढ्यात तरसोपंतांनी विचारलं, "साळूबाई, केलंत तरी काय?"

खरं बोलायची खोड वाईट. साळू म्हणाली, "काही नाही, थोरल्या महाराजांची वगैरे राखीव मेमरी तेवढी मोकळी केली."

मंगलाष्टकं थांबली. महाराजांची आयाळ थरथरली.

"आमच्या आबासाहेबांना पानावरून उठवलंस?"

"महाराज, ते बसलेच नव्हते."

"म्हणजे अजून बसायचे होते. परत लिही."

साळूने डोळे पुसत चारही ओळी परत लिहिल्या. पडदा काळा. हरणांना 'सावधान' कधी झालं ते कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत हरणं अक्षता घेऊन उभी होती. मग भूक लागली, तेव्हा खाऊन टाकल्या.

साळू बोचकं बांधून निघाली. नदीपाशी तरसोपंत धापा टाकत मागून आले.

"निघालात कुठे? पडदा आता बंदच राहणार. म्हणजे दुरुस्तीला रोज कुणीतरी लागणारच ना? महाराजांनी तुम्हाला कायम केलंय."

साळूने बोचकं खाली ठेवलं.

"आणि उरलेली पाच पानं," तरसोपंत म्हणाले, "तुमच्या नावाने राखून ठेवायला सांगितलीत. मान म्हणून."

ती ओळ साळूने स्वतःच लिहिली. 'कायम'मधला 'क' उमटत नव्हता, तरी लिहिली.

तात्पर्य : मुलांनो, बिघाड जरूर शोधा, पण काढू नका. कायमची नोकरी बिघाडाला असते. आपण फक्त त्याच्या शेजारच्या पानावर बसायचं.