अर्ध्याचं अपहरण

"या जगात दोनच गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत," भिंगकाका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "एक सत्य आणि दुसरं असत्य." मग नव्या माणसाला हे पचावं म्हणून ते जरा थांबत. आपली बुद्धी इतकी तल्लख आहे की तिला अधूनमधून विश्रांती द्यावी लागते, असंही ते सांगत. सध्याची विश्रांती बरीच लांबली आहे, असं बाकीच्यांचं मत होतं.

पोटापाण्यासाठी काका एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या पुस्तिकेचे प्रमुख होते. भाषा बदलली की पुस्तिकाही बदलायची, म्हणजे ती वाचून काम करणारे तोंडघशी पडत नाहीत, एवढंच काम. पण काका त्याला 'वरवरचा व्यवसाय' म्हणत. आतून ते गुप्तहेर होते. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा त्यांनी चष्मा बदलला नाही, गळ्यात भिंग अडकवलं. पुस्तिकेतला कुठलाही बदल कुणाच्या नावाने न नोंदता फक्त 'विभाग' या नावाने नोंदायचा, हा नियमही त्यांचाच, कारण गुप्तहेराने आपली ओळख उघड करायची नसते.

विभागात त्यांच्याखाली एकच मुलगी होती. सगळे तिला धाकटी म्हणत. पुस्तिका खरोखर तीच लिहायची.

त्या आठवड्यात धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या ताईला मुलगी झाली होती आणि मावशीने भाचीला अजून फोनमध्येच पाहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी नवी पुस्तिका प्रसिद्ध झाली की सहाची गाडी पकडायची, असं ठरलं होतं. बॅग भरून टेबलाखाली तयार होती. आणि नेमका अर्धा नाहीसा झाला.

झालं होतं असं. सात भागिले दोन केलं की जुनी भाषा तीन सांगायची, उरलेला अर्धा सरळ टाकून द्यायची. नव्या भाषेत ही खोड मोडली होती, आता उत्तर साडेतीन यायचं. धाकटी रोज सकाळी पुस्तिकेच्या उदाहरणात साडेतीन लिहायची आणि रोज जेवणाच्या सुट्टीनंतर तिथे पुन्हा तीन असायचे. बदल कुणी केला म्हणून नोंद पाहावी, तर तिथे फक्त 'विभाग'.

"चोरी," काका म्हणाले. "अर्धा पळवलाय कुणीतरी. अर्धा सापडेपर्यंत कुणीही शहर सोडायचं नाही."

"काका, माझी गाडी आहे शुक्रवारी."

"गुन्हेगाराचीही असेल. म्हणून तर."

काका खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी पाय टेबलाखालच्या करड्या डब्यावर ठेवले. त्या डब्यावर त्यांच्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी होती: 'पुरावा. हात लावू नये.' मागच्या खेपेला विभागातला चहाचा चमचा हरवला तेव्हा डब्यावर साखरेचे दोन कण सापडले होते. चमचा पुढे काकांच्याच खिशात मिळाला. चिठ्ठी मात्र राहिली, कारण काकांच्या मते ते प्रकरण मिटलं असलं तरी संपलं नव्हतं.

पहिला संशय भाषाकारावर गेला. भाषा त्यानेच घडवलेली.

"तुम्ही सफरचंद अर्धं टाकता का?" काकांनी विचारलं.

"नाही. पूर्ण खातो."

"म्हणजे अर्ध्यावर राग आहे तुमचा."

"अहो, भाषेत अर्धा मीच आणला ना? महिनाभर डोकं फोडून घेतलंय त्यासाठी."

"आणणाऱ्यालाच नेण्याची वाट ठाऊक असते," असं म्हणून काकांनी भिंगातून त्याच्या नाकाचं निरीक्षण केलं. भाषाकार आपल्या कामाला निघून गेला.

दुसरा संशयित मशीनवाला. कार्यालयातल्या सगळ्या संगणकांची देखभाल त्याच्याकडे होती. "नवी भाषा सगळ्या मशीनवर चढवली," तो दारातूनच म्हणाला, "तुमचा तेवढा हा डबा राहिलाय. जरा पाय काढता का?"

"परत आला," काका धाकटीच्या कानात कुजबुजले, पण ते मशीनवाल्यालाही स्वच्छ ऐकू गेलं. "मागच्या आठवड्यातही पुराव्याला हात लावायला आला होता. लिहून ठेव."

मशीनवाल्याने कपाळाला हात लावला आणि तो आल्या पावली परत गेला.

अडचण अशी की सुट्टीत ही मंडळी एकाच टेबलावर, काकांच्या समोर बसून जेवत. गुन्हा घडायचा तो नेमका त्याच वेळी. काकांनी यावरून निष्कर्ष काढला की ते जेवणारे लोक तोतये असावेत. धाकटीने त्यांना आठवण करून दिली की भाषाकाराने परवा त्यांची चटणी संपवली होती आणि ते त्याला नावानिशी बोलले होते. तेव्हा तो सिद्धांत बारगळला.

शुक्रवारी काका जेवायला गेले नाहीत. खिडक्या लावून, पाय डब्यावर ठेवून, भिंग संगणकाच्या पडद्यावरच्या साडेतीनवर रोखून ते सबंध सुट्टीभर पहारा देत बसले.

धाकटी परतली तेव्हा पडद्यावर तीन होते.

"कुणी आलं होतं?"

"कुणीही नाही. माझ्या डोळ्यांदेखत अर्धा गेला. पायांना तेवढी ऊब लागली, बाकी काही घडलं नाही." काकांचा आवाज खोल गेला. "याचा अर्थ गुन्हेगार आधीपासून खोलीत होता."

"खोलीत तुम्हीच होतात, काका."

"तोच विचार मी केला." ते उठून स्वच्छतागृहात गेले आणि आरशासमोर बराच वेळ उभे राहून आले. "घेतली उलटतपासणी. माणूस सरळ वाटला. सोडून दिलं."

धाकटीला आता खरंच रडू येत होतं. पान चुकीचं सोडून गेली असती तर गाडी मिळाली असती. पण उद्या कुणीतरी ते तीन खरे मानून हिशेब मांडेल आणि मग आपलंच डोकं बडवत बसेल, हे तिला सहन होत नव्हतं. तिने ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"मी आज येत नाही," ती म्हणाली आणि घडलं ते सगळं तिने सांगितलं.

ताईही प्रोग्रॅमर होती. बाळाला खांद्यावर थोपटत तिने ऐकून घेतलं. "रोज एकाच वेळी? रविवारीसुद्धा?"

"रविवारीसुद्धा. घरून पाहिलं होतं मी."

"मग माणूस नाही तो. माणूस इतकं नियमित काम करतो का कुठे? अगं, तुमच्याकडे उदाहरणं चालवून उत्तरं आपोआप भरणारं मशीन नाही का?"

"होतं की. म्हणजे आहे. पुस्तिका शिळी होऊ नये म्हणून बसवलेलं. कुठेतरी असेल…"

"आणि ते तुझ्या मागे बसलेत ते काका ना? पाय कशावर ठेवलेत त्यांनी?"

धाकटी सावकाश मागे वळली. काकांनी भिंग खाली केलं. पायही खाली घेतले, जरा उशिराच.

धाकटीने बोलावलेल्या मशीनवाल्याने चिठ्ठी बाजूला केली, डब्यावर नवी भाषा चढवली आणि उदाहरणं पुन्हा चालवून पाहिली. पडद्यावरच्या तीनचे कुणीही हात न लावता साडेतीन झाले. बिचारा डबा रोज सुट्टीत प्रामाणिकपणे जुन्या भाषेला सात भागिले दोन विचारत होता आणि मिळेल ते उत्तर लिहून ठेवत होता.

काकांनी भिंग सदऱ्याला पुसून घेतलं.

"गुन्हेगार कुठे आहे हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," काका अखेर म्हणाले. "त्याला दाबूनच बसलो होतो."

एरवी धाकटीने वाद घातला असता. पण साडेपाच वाजले होते. तिने पुस्तिका प्रसिद्ध केली, टेबलाखालून बॅग ओढली आणि जिन्याकडे धाव घेतली. मागून काकांची हाक आली, "सांभाळून जा गं. आणि बाळाला माझा आशीर्वाद सांग." त्या आवाजात गुप्तहेर अजिबात नव्हता.

सोमवारी दुपारी भाची तिच्या मांडीवर झोपली होती. एक बोट भाचीच्या मुठीत अडकलेलं, म्हणून धाकटीने दुसऱ्या हाताने फोन उघडला. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. पुस्तिकेत साडेतीन जागच्या जागी होते.

मशीनवाल्याने एक फोटो पाठवला होता. फोटोत तिची खुर्ची होती, आणि खुर्चीच्या पाठीला ती जुनी चिठ्ठी. 'पुरावा. हात लावू नये.' खाली काकांच्या हस्ताक्षरात नवी भर पडली होती: 'मालकीण भाचीकडे गेली आहे. येईपर्यंत कुणी बसल्यास गाठ माझ्याशी आहे.'

त्याखाली मशीनवाल्याने लिहिलं होतं, 'पाय ठेवायला दुसरा डबा मागतायत. देऊ का?'

धाकटीने एका हाताने उत्तर टाइप केलं: 'रिकामा असेल तर द्या.'