साठ ग्रॅमचा प्रस्ताव

कार्यालयाच्या कोणत्याही खोलीत, मधली सुट्टी वगळता, कोणीही, कोणत्याही कारणास्तव, कोणताही पदार्थ खाऊ नये, असं परिपत्रक नऊ वर्षांपूर्वी निघालं. कारणही तसंच गंभीर होतं. एका उंदराने ज्येष्ठता यादीची चौदा ते सतरा ही पानं फस्त केली आणि चार माणसं बढतीवाचून निवृत्त झाली. मसुदा हेडक्लार्कांचा होता. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द उतरल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, कागद हातभर लांब धरून पाहिला आणि संध्याकाळी घरी बायकोला तो दोनदा वाचून दाखवला.

हेडक्लार्क अगदी यंदापर्यंत एकशे अडतीस किलोंचे होते. माघारी त्यांना सगळे 'टाकी' म्हणत आणि समोर आदराने बिनहातांची खुर्ची पुढे करत. याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. अकरा वर्षं त्यांच्या बुटांच्या नाड्या बायको बांधत होती. रोज सकाळी ती दारात खाली बसायची, दोन गाठी मारायची आणि हू की चू करायची नाही. तिने एकदा तरी कुरकुर केली असती तर त्यांना जरा बरं वाटलं असतं. डॉक्टरांना त्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, पण पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली ती या नाडीपायी.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पोट एवढंसं उरलं की अर्ध्या वाटीत गच्च भरावं. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं की रोज साठ ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, दर अडीच तासांनी थोडं थोडं, घास घ्यायचा तो आधी त्याचा आणि जागा उरली तर बाकीचं. भुकेची वाट बघायची नाही, कारण ती लागणारच नाही. आणि टाळाटाळ केली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळायला घेईल. सरपण संपलं म्हणून कोणी घराचे वासे चुलीत घालावेत, तसं.

दीड महिना बायकोने घड्याळ लावून अंडी, दही आणि पावडरचं दूध भरवलं. वीस किलो उतरले. एका सकाळी हेडक्लार्क खाली वाकले आणि त्यांनी स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधली.  बायको आत जाऊन डोळे पुसून आली आणि डबा हातात देत म्हणाली, "सकाळी साडेअकरा आणि दुपारी चार. विसरायचं नाही." ते कामावर रुजू झाले.

साडेअकराला त्यांनी डबा उघडला, आत उकडलेलं अंडं पाहिलं आणि डबा बंद केला. दुसरा कोणी असता तर खणात तोंड घालून गपकन गिळून मोकळा झाला असता. पण परिपत्रक ज्याने लिहिलं त्यानेच खणात तोंड घालायचं, म्हणजे काही जनाची नाही तर मनाची? त्यांनी रीतसर अर्ज केला.

अर्ज छाननीसाठी हेडक्लार्कांकडेच आला. नात्यागोत्याचा विचार न करता त्यांनी तो तपासला आणि शेरा मारला: 'साठ ग्रॅम हे वजन पदार्थाचे की प्रथिनांचे, याचा अर्जदाराने खुलासा करावा.' खुलाशाला सात दिवसांची मुदत असते. अर्जदाराने सहा घेतले. लगेच उत्तर दिलं तर संगनमताचा संशय येतो. एका अंड्यात सहाच ग्रॅम प्रथिनं असतात, असा खुलासा झाला आणि छाननी अधिकाऱ्यांनी तो समाधानकारक मानला.

साहेबांना वेगळीच शंका आली. प्रोटीन हे अन्न की औषध? औषध असेल तर परिपत्रक लागूच होत नाही, मात्र त्यावर उत्पादनाचा क्रमांक आणि वापराची मुदत हवी. अंड्यावर दोन्ही नव्हतं. प्रकरण त्रिसदस्यीय समितीकडे गेलं.

समितीत भांडारपाल, लेखाधिकारी आणि आस्थापना अधिकारी होते. तिघेही मनाने चांगले. त्यांनी चहाबिस्किटं घेत तासभर डोकं खाजवलं आणि बिस्किटांवरूनच मार्ग सुचला. बैठकीच्या खोलीतला अल्पोपाहार हा खाणं धरत नाहीत, तो कामकाजाचा भाग असतो. तेव्हा हेडक्लार्कांनी बैठकीत खावं. त्यासाठी बैठक हवी, तर तीही रोज साडेअकरा आणि चारला घेऊ. विषयपत्रिकेवर एकच विषय: अंडे.

पहिल्या बैठकीला हेडक्लार्क डबा घेऊन हजर झाले. मग प्रश्न आला की इतिवृत्त कोण लिहिणार? इतिवृत्त नेहमी हेडक्लार्क लिहितात. आणि लिहिणाऱ्याने बैठकीत काही खाऊ नये, कागदावर डाग पडतात, असं परिपत्रकाचं सातवं कलम होतं. कलम वाचून दाखवलं गेलं. ते किती नेमकं लिहिलंय, हे तिघांनीही मान्य केलं. हेडक्लार्कांनाही क्षणभर बरंच वाटलं.

बैठका मात्र सुरू राहिल्या. सदस्य बिस्किटं खात, हेडक्लार्क इतिवृत्त लिहीत, आणि शेवटी अंडं वाया जायला नको म्हणून भांडारपाल ते खात. घरी गेल्यावर बायको रिकामा डबा बघून समाधानाने तो घासायला टाकायची. तिला खरं सांगायचं धाडस हेडक्लार्कांना एकही दिवस झालं नाही.

तीन महिन्यांत समितीतल्या तिघांचे पट्टे दोन दोन भोकं पुढे गेले आणि हेडक्लार्कांचे गाल बसले. भांग पाडताना कंगव्यात मूठभर केस यायला लागले. खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागायचं. सगळ्या कार्यालयाने तोंडभरून कौतुक केलं. आरोग्य सप्ताहात त्यांचे दोन फोटो सूचनाफलकावर शेजारी शेजारी लागले, आधीचा आणि आताचा. साहेब म्हणाले की तुम्ही पंचविशीतले दिसता. टाकी हे नाव मागे पडून 'हिरो' हे नाव रुजू झालं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्यांना थांबवून त्यांच्याशी बोलत होते. ते हसून आकडा सांगायचे. त्यांनाही ते गोड लागत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र रक्ताचा अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमचं वजन उतरत नाहीये. तुम्ही उतरताय. असंच चाललं तर महिन्याभरात नाकात नळी घालून भरवायची वेळ येईल. कोण अडवतंय तुम्हाला खायला?"

"परिपत्रक."

"मग ते लिहिणाऱ्या माणसाला जाऊन भेटा."



दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी नऊ वर्षांत प्रथमच परिपत्रकात दुरुस्ती सुचवली: 'वैद्यकीय कारण वगळता'. तीनच शब्द, पण लिहायला अख्खी सकाळ गेली. साहेबांनी जुनी प्रकरणं मागवली. एक निघालं. तीन वर्षांपूर्वी मधुमेह असलेल्या टंकलेखिका बाईंनी दुपारी दोन घास खायची परवानगी मागितली होती. खाली वळणदार अक्षरात शेरा होता: 'एकास मुभा दिल्यास अनिष्ट पायंडा पडेल. अर्ज फेटाळण्यात यावा.' सही हेडक्लार्कांची. साहेबांनी शेऱ्याची तारीफ केली आणि दुरुस्ती त्याच शेऱ्याखाली फेटाळली.

टंकलेखिका बाई संध्याकाळी त्यांच्या टेबलापाशी आल्या. हेडक्लार्कांना वाटलं, आता या बोलणार, आणि त्यांनी बोलावंच. बाई हळूच म्हणाल्या, "जिन्यात बसून खा. जिना खोलीत धरत नाहीत. मी तीन वर्षं तिथंच खाते." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांनी बैठक सोडली, कठड्याला धरून दोन मजले उतरले, पायरीवर बसले आणि अंडं खाल्लं. मधली सुट्टी सोडली तर चार महिन्यांत कार्यालयाच्या वेळेत मिळालेले ते पहिले सहा ग्रॅम. मग ते उठायला गेले, तर पाय उठेनात. उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ते वाकले, हात नाडीपर्यंत आरामात पोचला, पण गाठ ओढण्याइतका जोर बोटांत नव्हता. त्यांना बायको आठवली, दारात खाली बसलेली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्या अर्ध्या तासात जिन्यावरून तेवीस माणसं गेली. हात कोणी दिला नाही, पण सगळ्यांनी आपुलकीने चौकशी केली. बावीस जणांनी विचारलं की एकूण किती किलो कमी झालं, आणि आकडा ऐकून म्हणाले, "वा, काय छान दिसताय."

तेविसावे तुम्ही होता. तुम्हीही तेच विचारलंत. फक्त जाता जाता वळून म्हणालात, "नाडी बांधून घ्या हं, पडाल."