जोड्यास नाडी लागली त्याची हकीकत

शके अठराशे साठ, बहुधान्यनाम संवत्सरी, शिक्क्याचे धनी, शिरस्त्याचे कैवारी महालकरी रावसाहेब यांनी जिल्ह्यास खलिता रवाना केला की, पट्टेवाला इद्रिस याचे तळव्याचा जुनाट घाव सरकारी मलमाने व आमचे जातीनिशी देखरेखीने भरला. मलमाची डबी दप्तरी अद्याप मोहोरबंद आहे. देखरेख किती बारीक होती ते यावरून समजावे.

खरी हकीकत ऐसी. इद्रिसास साखरेचा विकार, पाय बधिर, आणि उभ्या चाकरीत तळव्यास रुपयाएवढे भोक पडले तरी त्यास खबर नाही. मग मिशनच्या डॉक्टरांनी ताकीद दिली की, घावावर भार पडतो तोवर औषध व्यर्थ. भार उठवावा, नाही तर पाय कापावा लागेल. आणि चर्मविद्येचे सरदार वाहरू मोची यांनी जाड तळाचा जोडा करून, घावाखाली खळगा कोरून, घाव अधांतरी ठेविला. परंतु कचेरीचा कदीम शिरस्ता की, विलायती बूट पायी असो द्यावा, देशी जोडा उंबरठ्याबाहेर उतरावा. सबब हुकूम सुटला, आणि जोडा दाराशी पहाऱ्यास राहिला, आणि इद्रिस महिनाभर अनवाणी फरशीवर उभा राहिला, आणि रजा मागता नाव कमी करण्याची धमकी मिळाली, आणि भोक हाडाजवळ पोहोचले. या मुदतीत रावसाहेबांनी शिरस्त्यास ओरखडा येऊ दिला नाही, हा पराक्रम नमूद असावा.

डॉक्टरांनी पाय कापण्यास जुम्मेरात नेमली. तेव्हा इद्रिसाची बीबी जन्नतबी जोडा घेऊन वाहरूच्या दुकानावर चालून गेली.

“वाहरूभाऊ, याले नाडी लाव. साहेबले बूट दिसाले जोयजे, पाय नही दिसना तरी चाली.”

“भाभी, नाडी लायी म्हणजे बूट हुई जाई का?”

“नाडीवर पायजमा टिकस, मंग तुन्हा जोडा का नही टिकाव?”

दुसरे दिवशी नाडी ओवलेला जोडा कचेरीवर चालून आला. मग रावसाहेबांनी शिरस्तेदार बोलाविले, आणि आपला खासा बूट मेजावर ठेविला, आणि दोहोंची भोके मोजविली, आणि तीन प्रहर मसलत करून फर्माविले की, नाडी आहे सबब बूट आहे, सबब आत यावा. उंबरठा सर जाहला. डॉक्टरांनी मुदत वाढविली. चार मास घाव अधांतरी राहिला, आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस भरून आला. पाय शाबूत; फत्ते जाहली.

पुढे प्रांतसाहेबांनी मोहोरबंद डबी पाहून रावसाहेबांचा लेखी जबाब घेतला. तो अक्षरशः ऐसा: “इसमाच्या पायास भोक आहे हे मजला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. जोड्यास नाडी नाही, एवढीच बाब माझ्या अखत्यारातील होती.”