गेनूमामांची जांभई

समोर कुत्रं दात विचकून उभं राहिलं की माणसं दगड शोधतात, पळतात, नाहीतर देवाचं नाव घेतात. आमचे गेनूमामा जांभई देतात. चांगली आ वासून, डोळे मिटून. मग कुत्र्याकडं तिरपे होऊन बसतात आणि एसटीची वाट बघितल्यासारखे भलतीकडंच बघत राहतात.

मामांनी जनावरांच्या दवाखान्यात आयुष्यभर पट्ट्या बांधल्या. सरकारी कागदावर त्यांचं पद ‘व्रणोपचारक’ होतं. आमच्या नेकनूरकडच्या वस्तीत त्या शब्दाला कुणाची जीभ वळली नाही, म्हणून ते नुसते मामा राहिले. जनावरांशी त्यांचं जमतं, माणसांशी नाही. रामराम घातला तरी ‘कावून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारतात. तक्रार कुठलीही असो, पहिला प्रश्न तोच. सरपंचांच्या मांजरीनं त्यांच्या सुनेला बोचकारलं, तेव्हाही मामा म्हणाले, "बोचकारलं, पण कावून बोचकारलं?" अर्धा दिवस त्या घरात बसून त्यांनी तपास लावला. सून रोज जिथून घमेलं ओढायची, त्याच्या मागंच मांजरीची पिल्लं निघाली.

मी इथल्या शाळेत मास्तर. भूतदया शिकवण्यात माझा हातखंडा आहे, म्हणजे फळ्यावर. माझ्या शेजारचं कुटुंब दसऱ्यानंतर ऊसतोडीला कर्नाटकात गेलं. चौथीतली त्यांची पूजा माझ्याच वर्गातली, तीही गेली. मागं राहिलं तिचं कुत्र्याचं पिल्लू, खंड्या. त्याला आम्ही आळीपाळीनं भाकरी टाकायचो. संक्रांतीपर्यंत तो दांडगा झाला आणि जवळ येईल त्याच्या अंगावर जायला लागला.

मी मोबाईलवर कुत्र्यांच्या स्वभावाचे चार-पाच व्हिडिओ बघितले आणि मला सगळं कळलं. त्याला प्रेम हवं होतं. मी बिस्किटाचा पुडा घेतला, चार माणसं बघत असल्याची खात्री केली आणि वाकून त्याच्या मानेवरून मायेनं हात फिरवला. पुढचं मला नीट आठवत नाही, लोकांना आठवतं. माझी किंकाळी कपिलधारपर्यंत गेली म्हणतात.

मामांनी माझं मनगट धरून मला नळाखाली नेलं. "आधी धुवा, मंग बोंबला." साबण लावून पंधरा मिनिटं हात धुवायला लावला, तसंच सरकारी दवाखान्यात नेऊन सुया सुरू करून दिल्या आणि येताना वाटेत विचारलं, "चावलं, पण कावून चावलं?"

मी इतका भडकलो की त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. ‘सदर श्वानाचा तात्काळ बंदोबस्त व्हावा.’ शुद्धलेखनाची एक चूक काढून दाखवा. सगळ्या वस्तीनं सह्या केल्या. बंदोबस्त म्हणजे काय ते कुणी लिहिलं नव्हतं, पण काठ्या दारात येऊन उभ्या होत्या. मामा सरपंचांकडं गेले. चावलेलं कुत्रं दहा दिवस बघावंच लागतं, पिसाळलंय का ते कळायला, असं सांगून त्यांनी खंड्याला दहा दिवस मिळवून दिले.

आणि मला शिक्षा म्हणून सोबत बसवलं. पहिल्या दिवशी रस्त्यापलीकडं. तिरपं बसायचं, हात मांडीवर, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, मधूनमधून जांभई द्यायची, म्हणजे आपल्याला भांडायचं नाही हे कुत्र्याला कळतं. रोज चार पावलं पुढं सरकायचं. मला काही केल्या खोटी जांभई येईना.

"वर्गात पोरांना आणता की," मामा म्हणाले. "मंग हितं काय झालं?"

आठव्या दिवशी खंड्यानंच जांभई दिली. नवव्या दिवशी तो हळूच आला आणि मामांच्या गुडघ्याजवळ बसला. मामांनी त्याला हात लावला नाही, नुसतं तिरक्या नजरेनं बघितलं आणि मला खुणावलं. मानेवरच्या केसांच्या खाली काहीतरी लाल होतं. नायलॉनची दोरी, मांसात रुतलेली.

पोळ्याला बैलांना गोंडे बांधले, तेव्हा उरलेला एक पूजानं पिल्लाच्या गळ्यात बांधला होता. दुसऱ्या दिवशी तिनं हे वर्गात सांगितलं, तेव्हा टाळ्या मीच वाजवायला लावल्या होत्या. गोंडा कधीच गळून गेला, पिल्लू वाढलं, दोरी वाढली नाही. आणि मी मायेनं हात फिरवला तो नेमका तिथंच. त्या बिचाऱ्यानं दुसरं काय करायचं? माझ्या सुवाच्य अर्जाची मला भयंकर लाज वाटली.

मामांनी बँडेजच्या पट्टीनं त्याचं तोंड बांधलं आणि कात्रीनं अलगद दोरी कापली. त्यांच्या जुन्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन जखम धुऊन गेले. मी ग्रामपंचायतीत जाऊन अर्ज मागं घेतला आणि फाडला.

पुढच्या बाजाराला मामांनी नवा लाल गोंडा आणला. जखम भरली की बांधायचा, चार बोटं जातील इतका सैल. पूजा परत आली की हा तिचाच गोंडा म्हणून सांगायचं, दोरीचं नाव काढायचं नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली.

मला आता सवयच लागली होती. मी विचारलं, "कावून?"

मामा माझ्यावर गुरगुरले नाहीत. खंड्याकडं बघतच बोलले. "तिनं मायेनं बांधलतं, मास्तर. मी बी माझ्या पोराला मायेनंच बांधलतं. तिकडं शिकू नगं, ह्या वाटंला जाऊ नगं, हितंच ऱ्हा. त्यो वाढलेला मला दिसलाच न्हाई. एक दिवस चावल्यावानी बोलला आन् गेला. मी गावभर सांगत फिरलो, पोरगं चावलं म्हणून. कावून चावलं, ते तेवढं इचारलं न्हाई."

भूतदयेवरचे माझे सगळे सुविचार मला आठवले आणि त्यातला एकही कामाचा निघाला नाही. मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं नाही. त्यांच्या शेजारी तिरपा बसलो, हात मांडीवर ठेवले, समोरच्या बाभळीकडं बघत एक जांभई दिली.

मग मामांनी बंडीच्या खिशातून घडी पडलेला एक कागद काढला.

"तुमच्या फोनवरनं येवढा नंबर लावून देता का? माझा त्यो उचलत न्हाई."